दिवाळीआधी बंद पडलेली गिरणी

न्हावऱ्यात हौशीरामची पिठाची गिरणी होती. तो इंजिन सांभाळायचा आणि बायको रंगुबाई दळणं तोलून चक्कीत ओतायची. इंजिनाच्या धडधडीत ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे. पुढं पुढं घरीसुद्धा दोघं ओरडूनच बोलू लागली.

दिवाळी तोंडावर आली तशी दळणांची रांग रस्त्यापर्यंत गेली. हौशीरामची थोरली बहीण मालनबाई केडगावहून आली होती. ती गिरणीत शिरली आणि तेवढ्यात रंगुबाईचा पदर इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात गेला. हौशीरामनं हिसडा देऊन तिला मागं ओढलं. पदर टरकन फाटला.

"डोळं फुटलं का तुजं?" तो सगळ्यांदेखत गरजला.

"फुटू द्या! सुटले असते तरी!" तिनं पिठाचा डबा त्याच्या अंगावर भिरकावला.

रांगेतला तात्याबा हसत ओरडला, "आधी माजं दळण द्या, मग भांडा."

मालनबाईचं मस्तक फिरलं. "हौश्या, इंजिन बंद कर."

"आक्का, सणाचं दिस हायेत!"

"बंद कर म्हणते ना!"

इंजिन थांबताच तिनं पट्टा उतरवून काखेत मारला. गिऱ्हाइकं खवळली. तात्याबा पुढं आला, "तुमच्या घरच्या भांडणापायी आमी उपाशी ऱ्हायचं व्हय?"

"घरी जातं हाय ना? दळा की! हितं बाई मरता मरता वाचली, आन् तुला पिठाची पडलीया!"

तिनं दोघांना गिरणीमागं नेऊन बसवलं. "आता बोला. हळू."

रंगुबाईनं फाटका पदर मांडीवर घेतला. मग ती पुटपुटली, "पदर मी मुद्दाम न्हाई सोडला. पर पट्ट्याकडं जाताना दिसला, तवा आवरावासा वाटला न्हाई."

"काय?" हौशीराम ओरडला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. इंजिनानं त्याचे कान नेले होते आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. रंगुबाईला तेच शब्द त्याच्या कानाशी पुन्हा म्हणावे लागले.

ते ऐकताच हौशीराम उठला. तो रांगेपुढं गेला. "गिरणी दिवाळीपातूर बंद. न्या आपापलं दळण."

लोकांनी शिव्या घातल्या. त्यानंही मोकळ्या तोंडानं परत केल्या.

दिवाळीनंतर गिरणी फक्त सकाळची चालू लागली. तात्याबासकट कित्येक गिऱ्हाइकं दुसऱ्या गावच्या गिरणीकडं गेली ती गेलीच. हौशीराम त्यावरून अजून बहिणीवर धुमसतो. पण दुपारी कुणी दार बडवलं, की रंगुबाई आतूनच म्हणते, "उद्या सकाळी या." आणि तोही उठत नाही.