सवलतीतली गाडी आणि भिंगसर

दुधातलं पाणी कुणालाही दिसतं. भिंगसरांना पाण्यातलंही पाणी दिसतं, असं त्यांच्या गल्लीत म्हणत. भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहिलं की किडकी वांगी स्वतःच वेगळी काढून ठेवी. उगाच सगळ्या बाजारात शोभा नको. सर शाळेत गणित शिकवायचे, पण त्यांचं नाव गाजलं ते परीक्षेतल्या पर्यवेक्षणामुळे. हात पाठीमागे, मान पुढे, बुटांचा आवाज नाही. ते बाकाशेजारी नुसते येऊन उभे राहिले की बाहीतली चिठ्ठी आपण होऊन जमिनीवर उडी टाकायची. एकाने म्हणे घाबरून चिठ्ठी गिळली, तर सरांनी त्याच्या ढेकरेवरून धडा ओळखला. यातलं खरं किती नि तिखटमीठ किती ते जाऊ द्या. भिंगसर हे नाव मात्र फुकट पडलेलं नव्हतं.

म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, गाडी घ्यायची ठरली तेव्हा पारख कोण करणार हा प्रश्नच उठला नाही.

आक्का परिचारिका. दवाखान्यातली नोकरी सोडून ती आता घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणार होती. टेकडीवरच्या वस्तीतले रुग्ण तिच्या नावावर लागले होते. अट एकच, येत्या सोमवारी स्वतःच्या गाडीने हजर व्हायचं. बस टेकडीच्या पायथ्याशीच धापा टाकत थांबे. सोमवारी गाडी नसेल तर काम दुसरीला जाणार, आणि दवाखान्यातली जुनी जागा तर केव्हाच भरली होती. म्हणजे ना घर का ना घाट का, अशी वेळ.

गाडी चालवण्यात आक्काचा हात बसलेला. सरांना सायकलवर बसतानासुद्धा भिंत लागे. पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

जुन्या गाड्यांचं ते आवार पत्र्याच्या छपराखाली होतं. गाड्या अशा घासूनपुसून उभ्या की लग्नाला निघाल्यात. मालकाला सगळे साखरशेठ म्हणत. माणूस बोलायला लागला की आजूबाजूला मुंग्या याव्यात.

"या सर, या ताई! तुमच्यासारखी माणसं आली की आवाराला शोभा येते."

"शोभेचं राहू द्या," सर म्हणाले. "ती निळी गाडी इतकी स्वस्त का?"

निळ्या गाडीच्या काचेवर भली मोठी पाटी होती : 'खास सवलत, फक्त या आठवड्यात'.

"मालक परगावी चाललाय सर. घाईत आहे. त्याची अडचण, तुमचं नशीब."

"दुसऱ्याच्या अडचणीतून माझं नशीब उघडल्याचं मला आठवत नाही," सर म्हणाले आणि कामाला लागले.

हात पाठीमागे गेले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा झाली. मग बोटाच्या पेराने ते एकेक पत्रा वाजवत निघाले. टण, टण, टण... मागच्या डाव्या दारापाशी आवाज आला, थब्ब.

सर थांबले. साखरशेठच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं विरलं.

"इथे पोचा बुजवायला लांबी भरलीय. दार ठोकलेलं आहे."

साखरशेठने कपाळावर हात मारला. "कमाल झाली! अहो, आमच्या मिस्त्रीशिवाय हे कुणाला कळलं नव्हतं. तुमच्यापासून काय लपणार?" आणि त्याने किंमत उतरवली.

सरांची छाती दारापेक्षा जास्त फुगली. मग त्यांनी मागचा एक दिवा धरला. काच दुसऱ्याच गाडीची. पुन्हा कपाळावर हात, पुन्हा किंमत खाली. मग पुढचं एक चाक नवं निघालं आणि त्याच्या जोडीचं पार गुळगुळीत. "सर, तुम्ही मला आज भिकेला लावणार!" असं म्हणत साखरशेठ रडकुंडीला आला आणि किंमत आणखी उतरली.

आक्का मघापासून चालकाच्या जागेवर गप्प बसून होती. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"छोट्या, आत वास फार गोड येतोय रे."

"मग कडू यायला हवा का?"

"तसं नाही. कुणी एवढं अत्तर कशाला ओतेल?"

"आक्का, मी इथे दार पकडलंय, दिवा पकडलाय, चाक पकडलंय, आणि तू वास घेऊन बसलीस!"

"ताई, चहा सांगू?" साखरशेठ मध्ये पडला. तो इतक्या लगबगीने पडला की आक्काने सुरक्षेच्या पट्ट्याकडे नेलेला हात तसाच मागे घेतला. बाहेर सरांनी इसार देऊनही टाकला होता. उरलेली रक्कम गाडी नेताना द्यायची.

घरी येईपर्यंत सर दाराची गोष्ट दोनदा सांगून झाले होते. ऐकणारी एकटी आक्काच होती, आणि ती तिथे हजर होती, तरीही.

दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा. शिक्षकांच्या खोलीत एक नव्या बाई आल्या होत्या, पहिल्यांदाच पर्यवेक्षणाला. मुख्याध्यापकांनी त्यांना भिंगसरांच्या हवाली केलं. सरांनी खडूचा हात झटकला आणि मंत्र द्यायला सुरुवात केली.

"हे बघा बाई, चिठ्ठी सापडली म्हणून खूश व्हायचं नाही. पक्की पोरं पहिली चिठ्ठी सापडण्यासाठीच ठेवतात. बाहीत, सहज दिसेल अशी. आपण ती पकडतो, पोरगं रडतं, हात जोडतं, आपल्याला वाटतं जिंकलो. आपण छाती काढून पुढे जातो आणि मग ते खरी चिठ्ठी बाहेर..."

सर मध्येच थांबले.

"बाहेर काय सर?" बाईंनी विचारलं.

सरांना काही ऐकू येईना. दार. दिवा. चाक. तिन्ही बाहेरून दिसणारी, तिन्ही हाताच्या अंतरावर. कपाळावर मारलेला हात. रडकुंडीला आलेला चेहरा. अशी रडणारी पोरं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

"सर, पाणी देऊ का?" बाई घाबरल्या.

"पाणी!" सर म्हणाले. का कोण जाणे, पाणी न घेताच त्यांनी घड्याळ पाहिलं.

शाळा सुटल्याबरोबर ते आक्काला घेऊन आवारात गेले. आक्काला कारण सांगितलं नाही. "गाडी एकदा नीट बघून घेऊ" एवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाह्या तपासलेल्या माणसाला स्वतःची बाही उलटी करणं जड जातं.

आवारात गिऱ्हाईक होतं. एक जाडजूड कंत्राटदार राखाडी गाडीचे पत्रे वाजवत होता. टण, टण, थब्ब. कंत्राटदार गरजला, "इथे लांबी आहे!"

साखरशेठने कपाळावर हात मारला. "कमाल झाली! आमच्या मिस्त्रीशिवाय हे कुणाला कळलं नव्हतं. दादा, तुमच्यापासून काय लपणार?"

भिंगसरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आक्काने एकदा राखाडी गाडीकडे पाहिलं, एकदा भावाकडे. ती बोलली असती तर बरं, असं सरांना वाटलं.

"आक्का," ते हळूच म्हणाले, "कालचा तो वास. तुला काय वाटलं होतं?"

"आता विचारतोस?"

"आता विचारतोय."

आक्का निळ्या गाडीत जाऊन बसली. तिने सुरक्षेचा पट्टा धरला आणि ओढत राहिली. पट्टा सरसर आला, मग अडखळला, मग करकरत आला. शेवटचा हातभर भाग, जो एरवी दारालगतच्या खांबाच्या आतच गुंडाळलेला असतो, तो मातकट होता, वाळक्या चिखलाने ताठ झालेला. तिने पायाखालच्या गालिच्याचा कोपरा उचलला. खालचा कापूस पिळला असता तर कपभर पाणी निघालं असतं.

"दवाखान्यात पुराचं पाणी शिरलं होतं ना, तेव्हा तळमजल्यावरच्या गाद्यांना हाच वास होता," आक्का म्हणाली. "अत्तर मारूनही जात नव्हता. ही गाडी पोहून आलीय छोट्या."

सरांच्या डोळ्यांसमोर टेकडीचा उतार आला. वळण, आक्काच्या शेजारी औषधांची पेटी, आणि आत गंजलेली कुठली तरी तार नेमकी तिथेच तुटतेय.

साखरशेठ धावत आला. "सर, थोडी धुतलीय हो गाडी! तरी तुमच्यासाठी आणखी कमी करतो."

"जितकी कमी करशील तितकी भीती वाढतेय," आक्का म्हणाली. "आमचा इसार परत दे."

साखर क्षणात विरघळली. "इसार परत मिळत नसतो ताई. जगाची रीत आहे. गाडी सरांनी स्वतः तपासून घेतलीय, वाजवून वाजवून. विचारा त्यांना."

कंत्राटदार ऐकत होता. आता इज्जत ठेवायची तर गप्प बसायचं, नि इसारावर पाणी सोडायचं. सरांनी घसा खाकरला.

"खरं आहे," ते मोठ्याने म्हणाले. "मी तपासली. मी फसलो. याने मला पकडायला तीन व्यंगं दिली आणि मी ती पकडून नाचत घरी गेलो. दादा, तुमचं कितवं चाललंय?"

कंत्राटदाराचं बोट पत्र्यावरच राहिलं. तो राखाडी गाडीत वाकला, त्याने पट्टा ओढून पाहिला, तोही मातकट निघाला, आणि कंत्राटदार फाटकाबाहेर चालता झाला.

"सर, हा काय चावटपणा!" साखरशेठ ओरडला.

"मी कुठे काय करतोय? माझा इसार इथे आहे, मीही इथे आहे."

आणि सरांनी हात पाठीमागे घेतले.

त्या दिवशी आणि पुढचा सगळा शनिवार भिंगसर आवारात फिरत होते. कुणाशी बोलले नाहीत, कशाला हात लावला नाही. गिऱ्हाईक गाडीपाशी आलं की ते मागे येऊन उभे राहायचे, मान पुढे करून. एवढंच. नवरा-बायको आले, त्यांनी मागे वळून सरांकडे पाहिलं, आणि नवऱ्याला शाळेत कधीतरी केलेलं पाप आठवलं असावं. तो बायकोला घेऊन निघूनच गेला. एका पुढाऱ्यासारख्या दिसणाऱ्या गृहस्थाने तर खिसे उलटे करून दाखवले म्हणतात.

साखरशेठने हात जोडले, दम दिला, चहा पाजला. चहा सरांनी हुंगून परत केला.

तिन्हीसांजेच्या आधी आक्का आली. साखरशेठ कपाळ धरून बसला होता, आणि या वेळी ते नाटक नव्हतं.

"ताई, यांना घेऊन जा. इसार देतो परत."

"इसार घेऊन मी सोमवारी टेकडी चढू का?" आक्का म्हणाली. तिने आवारभर नजर फिरवली. कचेरीच्या मागे, छपराबाहेर, एक मळकी पांढरी गाडी उभी होती. न धुतलेली, न चमकवलेली, मागच्या सीटवर डबा आणि छत्री. "ती कुणाची?"

"ती... ती माझी. रोज घरी जायची."

"किती वर्षं वापरतोस?"

"बरीच झाली. अहो, पण ती विकायची नाही."

"तीच दाखव."

"ताई, तिच्यावर सवलत नाही हां!"

"नकोच आहे," आक्का म्हणाली. "पूर्ण किंमत सांग. आधी माझ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे ती खालून-वरून बघून होईल. तोवर हे आहेतच इथे."

साखरशेठने सरांकडे पाहिलं. सरांनी मान आणखी बोटभर पुढे केली.

मिस्त्रीने गाडी उचलून आतबाहेर पाहिली. "क्लच थोडा झिजलाय, पावसाळ्याआधी बदला. बाकी जिवापाड जपून ठेवलीय कुणीतरी," असं त्याने सांगितलं. सर गाडीभोवती दोनदा फिरले, पण या वेळी वाजवलं काहीच नाही. व्यवहार झाला, इसार त्यात वळता झाला, कागद हातात आले. साखरशेठने डबा आणि छत्री काढून घेतली.

आक्काने गाडी सुरू केली. सर शेजारी बसले आणि कान देऊन ऐकू लागले. गाडी शहाण्यासारखी चालत होती, त्यामुळे ते जास्तच अस्वस्थ झाले.

"एवढ्या लवकर कबूल कसा झाला गं?"

"तू होतास ना."

"तरीपण."

"छोट्या, आता गप्प बस."

फाटकातून बाहेर पडून दोघं कोपऱ्यावर वळली, तेव्हा सरांनी सवयीने मागे पाहिलं. आवाराला कुलूप लागलं होतं. आत पत्र्याखाली गाड्या झगझगीत उभ्या होत्या, निळी, राखाडी, लाल, हरेक रंगाच्या, प्रत्येकीच्या काचेवर सवलतीची पाटी. आणि त्या सगळ्यांचा मालक, बगलेत छत्री नि हातात डबा घेऊन, बसथांब्यावर रांगेत उभा होता.