रॅम्पची पाहणी

माझं काम सोपं होतं, काहीच न करता बसायचं. जुन्या महालाच्या दगडी पायऱ्यांखाली व्हीलचेअर लावायची आणि समितीच्या साहेबांना दिसेल असं बसून राहायचं. अडचण कागदावर कळत नाही, डोळ्यांनी बघावी लागते, असं आर्किटेक्ट बाईंचं म्हणणं. रॅम्प होणार की नाही, ते आजच ठरणार होतं. गाइडची परीक्षा मी पास झाले होते, पण वर जाताच येत नसेल तर लोकांना काय जोत्याचा इतिहास सांगू?

धास्ती एकाच माणसाची होती, माझ्या बाबांची. ते इथलेच पहारेकरी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पायांनी अधू असलेल्यांना उचलून वर न्यायची इथली जुनी रीत, आणि त्यात बाबांचा हात धरणारा कोणी नाही. "आमच्या दारातून कुणी परत गेलं नाही," असं ते छाती फुगवून सांगतात. उचललेल्यांना कसं वाटलं, ते मात्र कुणी विचारलेलं नाही.

"बाबा, आज मला हात लावायचा नाही," मी घरीच बजावलं होतं.

"बरं बाई, नाही लावत."

समिती आली. साहेब मंडळी सावलीत, मी उन्हात. एकाने फोटो काढला. दुसरा पुटपुटला, "बिचारी." मी राग गिळला, पण बाबांना तो शब्द झोंबला. त्यांची पोर आणि बिचारी? मी "नको, नको" म्हणेपर्यंत मला उचलून ते पायऱ्या चढायलाही लागले होते. आर्किटेक्ट बाईंनी कपाळावर हात मारला. मी बाबांच्या पाठीत बुक्के घातले. बघणाऱ्यांना ते लाड वाटले असावेत, कारण सगळे हसले.

त्यांनी मला दालनातल्या बाकावर बसवलं. मागोमाग समिती आली. टाळ्या झाल्या.

"वा! व्यवस्था आहे की," मोठे साहेब म्हणाले. "मग उगाच जुन्या दगडाला धक्का कशाला? रॅम्प राहू द्या."

"साहेब, मला माझं मी..." मी बोलायला लागले, तोवर ते पुढच्या दालनात गेलेसुद्धा. त्यांच्यामागे जायला माझी खुर्ची वर नव्हती.

"बघ, आलीस ना वर!" बाबा धापा टाकत म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता.

"बाबा, त्यांना थांबवा. लवकर!"

बाबांनी दाराकडे पाहिलं. मला एका दमात वर आणणारा माझा बाप टोपी सरळ करत तिथेच उभा राहिला.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "साहेबांना कसं गं थांबवायचं?"