ग्रहणात चिरलेलं वांगं

पांझरेकाठच्या त्या गावात कमलबाईंच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ग्रहणमुक्तीबाबांनी लिंबू कापलं आणि त्यातून लालभडक रक्त ठिबकलं. मागच्यांना काहीच दिसलं नाही, म्हणून त्यांनी जास्त जोरात जयजयकार केला.

"सून गर्भार असताना ग्रहणात भरताची वांगी चिरत बसली!" बाबा गरजले. "म्हणून नातवाचे डोळे असे तिरपे, अंग असं मऊ. तिला वर्षभर माहेरी धाडा. आणि गुरुवारी धुळ्याच्या दवाखान्यात ठरलेली बाळाची हृदयतपासणी नको. यंत्राखाली घातलं की दोष काळजात घुसतो."

दीपमालाने दोन महिन्यांच्या बाळाला घट्ट धरलं. तिचा नवरा नवल जमिनीकडे बघत राहिला. जमीन काही बोलेना.

सासूबाईंचा, म्हणजे कमलबाईंचा, बाबांवर पुरा विश्वास होता. फक्त घासात खडा यावा तसं एक वाक्य खटकलं.

"बाबा, भरीतनं वांगं कोनी चिरत नही! काड्यांवर आख्खं भाजतस."

गर्दीत खसखस पिकली.

"दिव्यदृष्टीत तसंच दिसलं, माई."

"मग दृष्टी शेजारच्या चुलीपाशी गेली असेल," ज्योत्स्ना म्हणाली. ही कमलबाईंची भाची, देवपूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. तिने घरातली सुरी पुढे केली. "आता हिने कापा."

"ती अपवित्र आहे."

"सकाळी हिनेच तुमचा कांदा कापला. तुम्ही दोनदा वाढून घेतलात."

शेवटी तिनेच लिंबू कापलं. निघाला तो साधा आंबट रस. "बाबांच्या सुरीवर जास्वंद चोळून वाळवलीय. लिंबाचा रस लागला की लाल रंग फुटतो. झालं रक्त!"

"मंग पोऱ्या असा काबर शे?" कमलबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"मावशी, आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. आईचं किंवा बापाचं बीज तयार होताना पेशी विभागते, तेव्हा प्रत्येक जोडीने वेगळं व्हायचं असतं. कधी एकविसावी जोडी हटून बसते आणि दोघं एकाच बीजात जातात. दुसऱ्या पालकाच्या बीजातलं एक मिळालं की बाळाला होतात तीन. डॉक्टरांनी सांगितलेला डाऊन सिंड्रोम तो हाच. ही गडबड गर्भ राहतानाच ठरून गेलेली. ग्रहण आलं पाचव्या महिन्यात!"

"पन चूक कोननी?"

"कोणाचीच नाही. बहुतेकदा आईच्या बीजात घडतं, कधी बापाच्याही."

नवलने पहिल्यांदाच मान वर केली.

"जास्तीचं गुणसूत्र काढता येत नाही. पण अशा बऱ्याच बाळांच्या हृदयात दोष असतो. तो वेळेवर कळला तर उपचार होतात. म्हणून गुरुवार चुकवायचा नाही."

बाबा झोळी आवरू लागले. त्यांना कोणी थांबवलं नाही. कमलबाईंनी नातवाला सुनेच्या हातून आपल्या मांडीवर घेतलं.

"माहेर-बिहेर काही नही. गुरुवारी मी बी येस धुयाले, दवाखानामा."

मंडळी, पेशी विभागताना पंचांग बघत नाहीत. बाळाला दवाखान्यात नेताना तुम्हीही बघू नका. आणि त्याच्या आईला दोषी ठरवण्याआधी, निदान कमलबाईंसारखा "पन चूक कोननी?" एवढा एक प्रश्न विचारा.