वाईटाच्या घरातलं निळं बटण

मित्रांनो, चौकात दोन बांबूंच्या मध्ये ताणून बांधलेले माझे भाऊबंद तुम्ही येता-जाता पाहता. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाला श्रद्धांजली. मीही एक फ्लेक्सच आहे. पण मला बांबू कधी लाभले नाहीत. माझं सगळं आयुष्य जमिनीवर गेलं. आता माझ्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या आहेत आणि मधल्या घडीवर चीर पडली आहे. तरी अजून मला आठवतं, आणि जे आठवतं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म नेरूळमधल्या छपाईच्या एका छोट्या दुकानात झाला. मशीनमधून बाहेर आलो तेव्हा अंगाला शाईचा उग्र वास येत होता. माझ्यावर आइस्क्रीमचे रंगीत कोन होते आणि वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'भव्य उद्घाटण'. गिऱ्हाईक आलं आणि शेवटच्या अक्षरापाशी थबकलं.

"हा बाणातला ण कुठून आणला?" त्याने विचारलं. "लोक हसतील मला!"

मजकूर छपाईच्या दुकानाच्या मालकानेच फोनवरून पाठवला होता. डिझाइन करणाऱ्या अश्विनने तो जसाच्या तसा लावला होता. पण मालकाने बोट अश्विनकडे दाखवलं, आणि अश्विन म्हणाला, "सॉरी सर. माझंच लक्ष नव्हतं."

त्या एका णमुळे माझं नशीब फिरलं. संध्याकाळी मालक म्हणाला, "ने तो कचरा घरी." अश्विनने माझी गुंडाळी केली, बाइकला बांधली आणि मला घरी आणलं.

घरात दोनच माणसं. अश्विन आणि त्याची आई राजश्री. वडील अश्विनच्या लहानपणीच गेले होते. महाडकडच्या गावातून आलेल्या राजश्रीताई एका शाळेत क्लार्क होत्या. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरगा असावा तर असा. कुणाला उलट बोलणं नाही, कुणाशी भांडण नाही. आईही अभिमानाने सांगायची, "माझ्या अश्विनचा आवाज कुणी ऐकला नाय अजून."

घरी आल्यावर अश्विनने मला पालथं केलं. पाठीमागून मी कोरा पांढरा होतो. त्याने माझ्यावर पट्टीने बारीक चौकटी आखल्या आणि चौकटींवर एक देश रंगवला. त्या देशाला खाडी होती, खाडीकाठी कांदळवन होतं, कांदळवनात राक्षस राहत होते. पलीकडे मिठाच्या विटांचा किल्ला होता, आणि एका टोकाला खोल दरीवर पूल होता. इतक्या प्रेमाने माझ्यावर त्याआधी कुणी हात फिरवला नव्हता.

रविवारी दुपारी त्याचे मित्र यायचे. सीवूड्सचा शौनक, त्याच्याच कॉलेजातली जाई, आणि अश्विनच्याच बिल्डिंगमध्ये वाढलेला धम्मपाल. मला मध्ये पसरून चौघं भोवती बसायचे. शौनक सूत्रधार. तो गोष्ट सांगायचा: "समोर दरी आहे, मागून राक्षस येतायत, आता काय करणार?" बाकीचे तिघं आपापलं पात्र होऊन उत्तर द्यायचे. जमेल की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा.

माझ्या एका कोपऱ्यात अश्विनने नऊ घरं आखली होती. वरच्या ओळीत भली पात्रं, मधल्या ओळीत मधली, खालच्या ओळीत वाईट. शिवाय डावीकडे नियमाने चालणारी आणि उजवीकडे मनाला येईल ते करणारी. खेळ सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपल्या पात्राचं घर निवडायचं. पात्र त्या घराला न शोभणारं वागलं, तर सूत्रधार त्याला उचलून दुसऱ्या घरात ठेवणार.

"प्यादी नको, हरवतात," धम्मपाल म्हणाला. "बटणं चिकटवू ना."

मग सगळ्यांनी घरून जुनी बटणं आणली. धम्मपालचा सरदार नियमाने चालणारा आणि भला. धम्मपाल स्वतः सिग्नल तोडून खेळायला यायचा, त्यामुळे सगळे हसले. जाईची वैद्यीण अगदी मधोमध. आणि अश्विनने आपलं निळं बटण खाली उजवीकडे, शेवटच्या घरात चिकटवलं. मनाला येईल ते करणारा, आणि वाईट.

त्याच्या पात्राचं नाव झिंगुर. झिंगुर चोर होता, खोटारडा होता, मित्रांच्या थैल्या कापायचा. राजाने बोलावलं तर "येत नाही जा" म्हणायचा. एकदा एका गर्विष्ठ व्यापाऱ्याने त्याला "माझं लक्ष नव्हतं असं म्हण" असा हुकूम केला. झिंगुरने त्याची पगडी उचलली आणि थेट खाडीत फेकली. त्या दिवशी जाई हसून हसून आडवी झाली होती. अश्विनचा आवाज अशा वेळी चढायचा, डोळे चमकायचे, मान वर व्हायची. दुकानात मान खाली घालून उभा असलेला अश्विन मी पाहिला होता. म्हणून ही ताठ मान मला फार आवडायची.

राजश्रीताई आत स्वयंपाकघरात असायच्या. खेळ संपला की बोंबलाची चटणी आणि भाकरी बाहेर यायची. जाईच्या घरी हे चालत नव्हतं, पण सगळ्यात आधी तिचाच हात पुढे व्हायचा. तेलाचे ते डाग माझ्या राक्षसांवर अजून आहेत.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग पावसाळ्यात अश्विनला ताप आला. डेंग्यू निघाला. धम्मपाल रक्तपेढ्यांमधून धावला, शौनक आणि जाई हॉस्पिटलच्या बाकांवर बसून राहिले. हे मी पुढे त्यांच्या बोलण्यातून ऐकलं. तेव्हा मी कपाटामागे गुंडाळून उभा होतो, मला फक्त दार उघडल्याचे आणि बंद झाल्याचे आवाज येत होते. एका सकाळी घर माणसांनी भरलं आणि कुणीच मोठ्याने बोलेना, तेव्हा मला कळलं.

दुकानाच्या मालकाने चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यावर अश्विनचा रंग उजळवला होता, गालावरचा व्रण पुसला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मनमिळाऊ, सालस, कधीही कुणाला न दुखावणारा'. अश्विनच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना आटोपल्यावर, धम्मपाल दारात उभा राहून कुणाला तरी म्हणाला, "आपला अश्विन नाय वाटत रे तो. दुसराच कुणी लावलाय." आतून राजश्रीताई म्हणाल्या, "छान आहे फोटो. राहू दे."

पाऊस गेला, दिवाळीचे कंदील लागले आणि उतरले. मला कुणी हात लावला नाही. माझ्यावर धूळ बसली, आणि एका पालीने माझ्या गुंडाळीत घर केलं.

एका रविवारी राजश्रीताईंनी कपाट सरकवलं. माझी गुंडाळी धाडकन खाली पडली आणि अर्धी उलगडली. त्या खाली बसल्या. कांदळवनावरून, मिठाच्या किल्ल्यावरून त्यांनी हात फिरवला. मग त्यांचा हात कोपऱ्यातल्या घरांवर आला आणि थांबला. ते निळं बटण त्यांनी लगेच ओळखलं. शाळेच्या शर्टाचं होतं ते. कडेचा टवका उडालेलं. किती वेळा त्यांनीच ते पुन्हा शिवलं होतं. बटणाच्या वर अश्विनच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वाईट'.

त्यांनी शौनकला फोन लावला.

"तुमी मित्र ना त्याचे? मग माझ्या पोराला वाईटात का बसवलंत?"

तिघंही तासाभरात आले. राजश्रीताईंनी मला जमिनीवर पूर्ण पसरलं होतं. त्यांनी बटणाकडे बोट केलं. शौनकचा चेहरा उतरला. तो गुडघ्यांवर बसला आणि नखाने बटणाची कड उचलू लागला.

"चूक झाली, काकू. तो वरच्या घरातलाच होता. मी हलवतो आत्ता."

"नको हलवूस," जाई म्हणाली.

"जाई, गप्प बस ना."

"नाही. त्याने स्वतः लावलंय ते. काकू, आम्ही नाही बसवलं त्याला. त्याला तिथेच बसायचं होतं."

"का?" राजश्रीताईंनी विचारलं. "माझा अश्विन कुणाच्या वाटेला गेला नाय कधी."

"म्हणूनच, काकू," जाई म्हणाली. "दिवसभर सगळ्यांचं ऐकून घ्यायचा तो. दुकानात मालकाच्या चुका स्वतःवर घ्यायचा. आम्ही म्हणायचो, बोल ना, तर म्हणायचा, आई म्हणते वाद नको, समजून घ्यायचं. मग रविवारी झिंगुर व्हायचा. म्हणायचा, आठवड्यातून तीन तास तरी मला वाईट होऊ द्या."

राजश्रीताई खाली बसल्या. धम्मपालने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"मालकाच्या चुका?" त्यांनी विचारलं. "मला तर सांगायचा, साहेब खूश आहेत."

धम्मपालने पेला खाली ठेवला.

"मीच शिकवलं त्याला," त्या म्हणाल्या. "वडील नाहीत, आपल्याला कुणाशी वैर परवडायचं नाही, म्हणून. मला वाटायचं, शहाणा झाला पोरगा." मग पदराने त्यांनी तोंड झाकलं, आणि त्या किती तरी वेळ रडल्या. इतक्या महिन्यांत त्यांना तसं रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "कसा बोलायचा रे तो? झिंगुर?"

धम्मपालने गळा खाकरला आणि झिंगुरचा आवाज काढला. "ए सरदार, तुझे नियम तुझ्या घोड्याला सांग!" राजश्रीताई ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. पुन्हा बोलायला लावलं, पुन्हा हसल्या.

"तुमचा खेळ संपला होता काय?"

"नाही, काकू," शौनक म्हणाला. "अर्ध्यात राहिला."

"मग त्याची पाळी मी खेळते."

गोष्ट पुलापाशी थांबली होती. शौनकने ती सांगितली. खाली खोल दरी, पुलाच्या तोंडाशी एक राक्षस. राक्षसाची अट अशी, की तिघांतला एक जण कायमचा त्याच्यापाशी राहील, तर बाकीचे दोघे सुटतील. सरदार जखमी, वैद्यीण त्याला सोडून हलत नाही. आता झिंगुर काय करणार?

"झिंगुर मागे राहिला," शौनक हळूच म्हणाला, "तर तो भला ठरेल. बटण वर जाईल, काकू. खरंच जाईल. नियमच आहे."

तिघंही त्यांच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं होतं, आई तेच करणार. मलाही तेच वाटलं होतं.

"अश्विनने काय केलं असतं?" राजश्रीताईंनी विचारलं.

धम्मपाल खाली बघत म्हणाला, "मावशी, खरं सांगू? पळाला असता. आमच्या थैल्या घेऊन, पुलाखालच्या दोरीला लटकून."

"तुमचं काय झालं असतं?"

"आमचं आम्ही बघितलं असतं. शिव्या घातल्या असत्या."

राजश्रीताईंनी माझ्यावरच्या त्या रंगवलेल्या पुलावर बोट ठेवलं. पलीकडच्या काठाला अश्विनने काहीच रंगवलं नव्हतं, तिथे मी कोराच होतो.

"मग पळू दे त्याला," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर दुसऱ्यांसाठी थांबला. निदान या खेळात तरी नको थांबायला."

"फासा टाकावा लागेल," शौनक म्हणाला. "बारा किंवा वर पडले तर सुटला. नाहीतर…"

त्यांनी फासा दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि टाकला. फासा माझ्यावरून घरंगळत शौनकच्या गुडघ्यापाशी थांबला. शौनकने वाकून पाहिलं आणि लगेच त्यावर तळहात ठेवला.

"सतरा," तो म्हणाला. "सुटला, काकू. पार पलीकडे गेला."

"जा, बाळा," राजश्रीताई म्हणाल्या. "मागं बघू नकोस."

मित्रांनो, फासा माझ्या अंगावर पडला होता. त्यावर सात होते. मी बोलू शकत नाही, हे त्या दिवशी बरंच झालं. जाईने आणि धम्मपालने आकडा पाहिला की नाही, मला माहीत नाही. शौनक मात्र तोंड धुवायला आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

त्यानंतर तो खेळ कुणी मांडला नाही. जाई बंगळूरला गेली, शौनक नोकरीला लागला. धम्मपाल तेवढा जिना उतरताना हाक मारतो, "मावशी, काय आणायचंय का?" राजश्रीताई आता मला उन्हाळ्यात गच्चीवर पसरतात आणि माझ्यावर मिरच्या वाळत घालतात. सोसायटीतली मुलं भोवती जमतात, चित्रं बघतात, विचारतात, हे कोण, ते कोण. मग त्या झिंगुरची गोष्ट सांगतात. मुलांनी विचारलं, की चांगला होता का तो, तर म्हणतात, "छे! एकदम वाईट होता. कुणाचं ऐकायचा नाही." असं सांगताना त्यांची मान ताठ होते. मुलं खाली पळाली, की त्या एकट्याच मिरच्या उलटत बसतात, आणि कधी कधी पुटपुटतात, "हसायचा आवाज यायचा आतपर्यंत. मी एकदा तरी बाहेर येऊन बसायचं होतं."

मला सांभाळा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मी प्लॅस्टिकचा, माझी चिंता नको. पण मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी तरी फार शहाणं, फार समजूतदार माणूस असेल. ते खेळत असेल, तेव्हा हातातलं काम ठेवून त्याच्याशेजारी जाऊन बसा. तू कोण झाला आहेस, ते त्याला विचारा. आणि ते जे काही उत्तर देईल, ते बदलू नका.