अख्ख्या वाडीचा एक इमेल

“तेचो हसतो फोटो बघ रे. आधारकार्डावरचो नको, थंय तो चोरासारखो दिसता,” तुळसाकाकी म्हणाली.

मासळी विकून ती तशीच गुरुदासच्या सेवा केंद्रात आली होती. येत्या सोमवारी धनेशचं वर्षश्राद्ध. गेल्या वर्षी मालवाहू जहाजावर कामाला असताना तिचा हा एकुलता एक मुलगा समुद्रात पडला आणि सापडलाच नाही. घरात त्याचा फोटो म्हणाल तर तेवढा आधारकार्डाचा.

गुरुदासच्या केंद्राची एक गंमत होती. कुठल्याही फॉर्मवर इमेलचा रकाना आला, की वाडीतली माणसं बिनदिक्कत त्याचाच पत्ता द्यायची. हॉलतिकिटं, काजूचा विमा, होड्यांचे परवाने, सगळं त्याच्याच डोक्यावर. चाळीस हजार मेल! धनेशही आईसाठी तिथेच लिहायचा, कारण भर समुद्रात फोन लागत नसे, जहाजावरून मेल तेवढी जायची. मग गुरुदास त्यातला मजकूर तेवढा छापून घरी जायचा आणि काकीला वाचून दाखवायचा. त्याला या कामाचा पोस्टमनसारखा तोराही होता.

नाकी नऊ आल्यावर तो शोधायचं तंत्र शिकला होता. त्याने ‘फ्रॉम’, दोन टिंबं आणि धनेशचा पत्ता टाकला. पुढे ‘हॅज अटॅचमेंट’. चाळीस हजारांतून चौदा मेल उरल्या. सहावीत धनेश डेकवर कलिंगडाची फोड हातात घेऊन खो खो हसत होता.

“ह्योच,” काकी म्हणाली. “ह्योच माझो झील.”

प्रिंट काढून गप्प बसला असता तर! पण धनेशचं काही राहून जायला नको म्हणून त्याने अटॅचमेंटची अट काढली आणि ‘इज अनरेड’ घातलं. एक मेल आली. न उघडलेली. तारीख धनेश समुद्रात पडायच्या नऊ दिवस आधीची. त्या आठवड्यात विम्याची मुदत संपत होती, दिवसाला दोनशे मेल येत होत्या.

गुरुदासने मेल उघडली आणि पुन्हा वरपासून वाचली.

“काय रे? काय लिवल्यान?”

विम्याची मेल आहे म्हटलं असतं, तर काकीने मानलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. पण सहा वर्षं तिने आपला मुलगा गुरुदासच्याच तोंडून ऐकला होता. त्याला खोटं जमेना. तो वाचू लागला.

“आये, माका हयसर बरा वाटना नाय. सारखी चक्कर येता. तू ये म्हणशीत, तर फुडच्या बंदरात उतरतंय नि घराक येतंय. गुरुदासाकडे सांगून कळय. बेस्तरवारापर्यंत वाट बघतंय.”

गुरुदासला रडू फुटलं. “काकी, मी ही उघडूकच नाय गो!”

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आयेन जबाब दिल्यान नाय, असा वाटला आसतला तेका,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. मग तिने पदराने डोळे पुसले. “लिव.”

“काय लिवू?”

“आये ये म्हणता, असा लिव.”

गुरुदासने लिहिलं आणि बटण दाबलं.

“धाडलंस?”

“धाडलंय.”

काकी मात्र उठेना. फोटोचा कागद मांडीवर घेऊन ती स्टुलावर बसून राहिली.

“जबाब येवचो नाय, काकी.”

“ठावक आसा माका. तेना वाट बघल्यान ना? मगे माका पण बघूक दी.”

गुरुदासने दार लोटून घेतलं आणि तिच्या शेजारी येऊन बसला.