बर्फात ठेवलेलं औषध

मी एक प्रथिन आहे. माणसाला जखम झाली की नव्या रक्तवाहिन्यांना तिकडं वाढायला सांगायचं आणि काम झालं की गप्प व्हायचं, एवढंच माझं काम. पण मी माणसाच्या अंगात जन्मलं नाही. दूर हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत, माणसाची कृती यीस्टला शिकवून, पोलादी टाकीत मला घडवलं. माझी सगळी ताकद माझ्या घड्यांत आहे. घडी मोडली की मी संपलं.

मलमाच्या ट्यूबमधून मी शिरूर अनंतपाळला आलं, सिद्रामप्पा शिंप्यासाठी. त्यांना जुनी शुगर, त्यानं पाय बधिर झालेले. तळपायात मोडकी सुई रुतली आणि ते दोन दिवस तसंच मशीन चालवत राहिले.

"सुई रुतलेली कळली कशी न्हाई तुमाला?" त्यांची बायको नागुबाई म्हणाली.

"सुईला मी चाळीस वर्षं टोचायला लावलं. तिनं एकदा उसनं फेडलं!"

डॉक्टर आरती नुकतीच परदेशातून शिकून गावाकडं परतलेली. तिनंच मला मागवलं होतं. "मामा, पाय वाचवायचाय. ट्यूब थंड ठेवा, रोज सकाळी लावा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत इतका विश्वास होता की मलाही स्वतःचा अभिमान वाटला.

घरात फ्रीज नव्हता. शेजारच्या मलप्पाच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात होता. त्यानं खालचा कप्पा माझ्यासाठी मोकळा केला. पण दुपारभर लाईट नसायची. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला उचलून वर बर्फात घातलं.

"वैनी, खाली लई गरम होतंय. वर कसं टणक राहतंय बघा!"

"मी मेल्यावर मलाबी तिथंच ठिव," सिद्रामप्पा हसले.

त्या रात्रीच बर्फाच्या सुयांनी माझ्या घड्या फाडल्या. वरून मी तसंच दिसत होतं, पारदर्शक, स्वच्छ. नागुबाई रोज सकाळी ट्यूब मुठीत धरून मला वितळवायची, हात धुऊन, मोजून लावायची. एक दिवस चुकली नाही. मी जखमेवर नुसतं पडून राहायचं. ओरडायला मला तोंड नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात अंगठा काळा पडला.

"औषध नेमानं लावता ना?" आरतीनं नागुबाईला विचारलं.

"हाव. मलप्पाला विचारा, कसं जपून ठिवलंय."

आरती दुकानात गेली. मलप्पानं मोठ्या कौतुकानं बर्फ खरवडून मला तिच्या हातात दिलं. तिनं ट्यूब उजेडात धरून पाहिली.

"गोठवायचं नसतं, काका. हे मी सांगायला हवं होतं."

मलप्पानं फ्रीजचं दार लावलं. "म्हंजी मीच..."

"न्हाई रे," दारात काठी टेकून उभे असलेले सिद्रामप्पा म्हणाले. "तू लेकरावाणी जपलंस."

मी धड असतं तरी पाय वाचलाच असता, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण मला लढता तरी आलं असतं. लातूरला गुडघ्याखाली पाय कापला.

आता नागुबाई पायडल मारते, सिद्रामप्पा कापड सरकवतात. परवा आरती पट्टी बदलायला आली, तेव्हा नागुबाईनं मला पदराआडून काढलं.

"बाई, अर्धी ट्यूब उरलीय. कापलेल्या जागी लावू का?"

आरतीनं नकारार्थी मान हलवली. नागुबाईनं झाकण घट्ट केलं आणि मला पुन्हा जपून ठेवलं.

नागुबाई, मला फेकून द्या. एवढं जपण्यासारखं माझ्यात आता काही उरलेलं नाही.