अंजनाबाईंनी मोडलेला सातवा नियम

सुलक्षणा राणे तपासणीला निघाल्या, की कुणाच्या घरी जाणार हे त्यांच्या चपलांनाही ठाऊक नसे. अंधेरीच्या हातभार सेवा मंडळाच्या बायका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची अंघोळ, जेवण, औषधपाणी सगळं बघत. ते काम नीट होतं का, हे सुलक्षणाबाई न कळवता जाऊन बघत. इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली बाई. तिला चादरीच्या वासावरून समजे, चादर कालची की परवाची.

त्या मंगळवारी मात्र त्यांचा पाय जड होता. सन पंच्याऐंशीच्या थंडीतली छान सकाळ होती, आंबोलीच्या रस्त्यावर ऊन कोवळं होतं, आणि पर्समध्ये अंजनाबाईंना कामावरून कमी करण्याचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. वेसाव्याची ही कोळीण मंडळातली सगळ्यात चोख सेविका. पण तिच्याविरुद्ध लेखी तक्रार आली होती: ती पेशंटकडून स्वतःच्या घरची कामं करून घेते. नियम सातवा: पेशंटला आपल्या कामाला लावायचं नाही. हा नियम खुद्द सुलक्षणाबाईंनीच घालून दिला होता, कारण घाटकोपरला एका सेविकेने आंधळ्या आजीला स्वतःच्या घरचे तांदूळ निवडायला बसवलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्या बाईला त्यांनी उभ्या उभ्या काढून टाकलं. आता अंजनाबाई आवडीची म्हणून तिला सोडायचं? तो त्यांचा स्वभाव नव्हता.

चाळीचा जिना चढून त्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या. दार रुक्मिणीने उघडलं. तक्रार तिचीच. कॉटवर बसलेले तिचे सासरे, सहदेव परब ऊर्फ तात्या, मूळचे मालवणकडचे. तीस वर्षं गिरणीत साच्यावर कापड विणलं. संपात नोकरी गेली, आणि मागच्या वैशाखात झटका येऊन उजवी बाजू गेली. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं नि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात, पण इथे मुंगीनेही पाऊल उचललं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, जीभ जड झाली आहे, गेलेली नाही, त्यांना बोलतं करा. घरच्यांनी आठ महिने विनवण्या केल्या. तात्या "हं"च्या पुढे गेले असतील तर शपथ.

अंजनाबाई भिंतीला टेकून उभी होती. आज ही बाई कशाला आली, हे तिला उमजलं होतं.

सुलक्षणाबाईंनी आधी नेहमीची तपासणी केली. तात्यांना कुशीवर वळवून पाठ पाहिली. आठ महिने पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एक लाल चट्टा नाही! टाचा मऊ. नखं कापलेली, कानामागे साबण राहिलेला नाही, पाण्याचा पेला डाव्या हाताला पोचेल असा. त्यांना स्वतःच्याच पत्राचा राग आला. अंजनाबाईसारख्या चांगल्या माणसांना बुद्धी होते ती अशी वाकडी का होते, देव जाणे.

"आता ते दाखवा," त्या म्हणाल्या.

रुक्मिणीने कॉटखालून नायलॉनचं जाळं ओढून काढलं. खोलीभर खारा वास सुटला.

"हे बघा म्याडम. दोन महिने झाले. ह्यांच्या घरचं फाटकं जाळं, आणि आमचे मामंजी ते शिवत बसतात. शेजारीपाजारी काय म्हणत असतील? सासऱ्याला दोन घास घालायचे तर राबवून घेतात! अंजनाबाईंचा हात चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमची काही अब्रू आहे ना?"

"अंजनाबाई, खरं आहे हे?"

"खरा हाय, बाय," अंजनाबाई म्हणाली. "जालं आमचाच. डॉक्टरानं रबराचा चेंडू दिलेला दाबायला. तात्या तो भिंतीवर मारीत. मंग मी एकदा इथं बसून जालं सांधत होते, तं त्यांनी माज्या हातातून दोरा ओढला, नि अशी गाठ मारली का मी बघतच ऱ्हायले. आमची जाल्याची गाठ नि त्यांची गिरणीतली धागा जोडायची गाठ, एकच हाय, बाय! उजव्या हाताची बोटं हलली. मंग मी रोज जालं आणत गेले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी नाय म्हणाला असता."

हे खरं होतं, म्हणून सुलक्षणाबाईंना जास्तच लागलं. पण नियम म्हणजे नियम. आज एकीला जाळं चालवून घेतलं, तर उद्या दुसरी म्हाताऱ्यांपुढे पापड लाटायला ठेवील. त्यांनी पर्सची चेन उघडली. तात्यांची नजर त्यांच्या हातावर खिळली होती.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली, आणि दारात एक धिप्पाड कोळी उभा राहिला. खांद्यावर जाळं, डोळे लाल. अंजनाबाईने कपाळावर हात मारला. तो तिचा नवरा महादू होता.

"कोन तो म्हातारा?" महादू गरजला. "माज्या जाल्याची वाट लावली! आज खाडीत टाकलं, मासली अशी लागलेली, नि वढताना गाठी सुटल्या ना पटापट! सगली मासली गेली! तू हायस काय तो? ह्या गाठींची टोकं कापलीस कशाला रे?"

"अवो, आजारी मानूस हाय तो!" अंजनाबाई ओरडली.

"आजारी हाय तं जाल्याला हात कशाला लावतो? काम केलं ना? मंग बोलून घे!"

सुलक्षणाबाई त्याला बाहेर काढायला पुढे झाल्या आणि मध्येच थांबल्या. कॉटवर तात्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ओठ हलत होते. आठ महिन्यांत ज्याने त्याने त्यांच्याशी तान्ह्या मुलाशी बोलावं तसं हळू, गोड बोललं होतं. असा तोंडावर शिव्या घालणारा पहिलाच भेटला होता.

"ट... टोकां कापूक होयीच!" तात्यांच्या तोंडून शब्द फुटला, आणि मग बांध फुटावा तसे एकामागून एक अडखळत येत राहिले. "टोक ऱ्हवला तर... साच्याच्या फणीत अडाकता! कापड खराब होता! तीस वर्सां... तीस वर्सां ह्येच गाठी मारलंय मी! एक... एक सुटली काय, विचार जा गिरणीत!"

"तुजी गिरणी गेली खड्ड्यात! तिथं सुती धागा. ह्यो नायलॉन हाय, बुळबुळीत! टोक लांब नाय ठेवलं तं पाण्यात सरकनारच!"

"माका शिकवतंस?"

"हो, शिकवतो!"

रुक्मिणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटकन बसली. "मामंजी भांडतायत," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "अहो म्याडम, मामंजी भांडतायत!" आणि हसता हसता तिला रडू आलं.

तीस वर्षं सुलक्षणाबाईंनी रोग्यांच्या पाठी तपासल्या होत्या. रोग्याशी कुणी भांडतं का, हे एकदाही तपासलं नव्हतं. घाटकोपरच्या त्या आजीला कुणी तांदळावरून बोललं असतं, तर तिने मान खाली घातली असती. हा म्हातारा तर मान वर काढून भांडत होता. दोन्ही गोष्टी एकाच नियमात कोंबायला आपण निघालो होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी तक्रारीचा कागद काढला. "रुक्मिणी, तक्रार तुझी आहे. काय करू?"

"फाडून टाका म्याडम. माझं चुकलं."

"फाडायचं नाही. कागद आलाय, उत्तर लिहावं लागतं." आणि त्यांनी रुक्मिणीच्या सहीखाली सुरेख अक्षरात लिहिलं: "तक्रार खरी आहे. सेविकेने पेशंटला कामाला लावले आहे. असेच लावत राहावे." टाइप केलेलं पत्र मात्र त्यांनी टराटरा फाडलं. अंजनाबाईने पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली.

भांडण अजून चाललंच होतं. "पाण्यात कशी सरकता, ता माका बघूचा हा," तात्या म्हणाले. "डोळ्यांनी. माका थंय घेऊन चल."

"चल की! आत्ता चल! भरती हाय."

सगळे सुलक्षणाबाईंकडे पाहू लागले. आठ महिन्यांत तात्या चाळीचा जिना उतरले नव्हते. बाईंनी तात्यांची नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि म्हणाल्या, "लाकडी खुर्ची आहे का घरात? खाली रिक्षा करू. आणि शाल द्या. वेसाव्याला वारा असतो."

मिरवणूक निघाली. खुर्चीचे मागचे दोन पाय महादूच्या हातात, पुढचा एक अंजनाबाईच्या आणि एक रुक्मिणीच्या. जाळं खांद्यावर टाकून सुलक्षणाबाई पुढे. इस्त्रीच्या साडीला मासळीचा वास लागला तो लागलाच. मजल्यामजल्यावरची दारं उघडली, बायका कठड्याला गोळा झाल्या. तात्या खुर्चीतून हुकूम सोडत होते: "भिंतीक लागात! रुक्मिणी, वायच वर धर! मेल्या, तू दर्यावर बोट चलवतंस, तर खुर्ची धरूक येना नाय तुका? सावकाश! सावकाश, मी सांगतंय ना..."

"मामंजी," घामाने डबडबलेली रुक्मिणी करवादली, "जरा गप बसा ना हो!"

बोलली आणि जिन्याच्या मधोमध थबकली. आठ महिने एका शब्दासाठी जी हात जोडत होती, तीच आज हे बोलली होती. खुर्ची अधांतरी राहिली. कुणी पाऊल उचलेना.

तात्यांनी सुनेकडे पाहिलं. अर्धा चेहरा वाकडा होता, तरी हसू पुरतं आलं.

"नाय बसणार," ते म्हणाले. "चला, भरती जायत!"